बदलीचा माणूस

आई नसलेल्या घरात सकाळचे नऊ फार लवकर वाजतात. देवाजीच्या घरात ते रोजच तसे वाजत. भात उतरवायचा, गाईला पाणी दाखवायचं, डबा भरायचा आणि मग सगळ्यात अवघड काम, टीनाच्या वेण्या घालायच्या. धानाच्या पेंढ्या बांधून कडक झालेले त्याचे हात. केसांचे तीन पदर धरले की त्यातला एक हमखास निसटायचा.

"बाबा, डावीकडची ढिल्ली झाली."

"चालते."

"आईची नव्हती होत."

देवाजीनं वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. कलाबाईला जाऊन सहा महिने झाले होते. फेब्रुवारीत कावीळ अंगात भिनली आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात नवव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून घरात दोघंच. टीना जूनमध्ये तिसरीत गेली होती.

वेणी घालता घालता टीना खोकली. आठ दिवस झाले तरी खोकला हटत नव्हता. स्कर्टवर मागच्या बाजूनं चिखलाचे शिंतोडे होते, ते धुऊनही जात नव्हते.

"कुठं बसतं वो तू शाळेत? चिखलात?"

"पडवीत. पाणी आलं का शिंतोडे येतात." टीना मान न हलवता म्हणाली. "बाबा, आमच्या वर्गात धान काहून बसते?"

"कोणतं धान?"

"भय्याजीचं. आमच्या खोलीत चुंगड्याच चुंगड्या भरल्या हायेत. पोत्यावर पोतं, पार वरपर्यंत. चुंगड्या आत बसतात अन् आमी बाहेर."

देवाजी हसला. "मोठ्या माणसाईनं काही इचार करूनच ठेवलं असल."

"मोठ्या माणसाईनं नाई. तुमी ठेवलं."

देवाजीचा हात थांबला.

"काल दामिनीकाकू शाळेत आली होती," टीना सांगू लागली. "ते गुरुजीले म्हणे, पोराईची खोली कोणाले इचारून देली? तं गुरुजीनं रजिस्टर उघडून दाखवलं. मी तिथंच होती. तुमची सही हाये, बाबा. माह्या प्रगतीपुस्तकावर करता ना, तशीच."

वेणी ढिलीच राहिली. टीना दप्तर उचलून निघून गेली आणि देवाजी हातात कंगवा घेऊन तिथंच बसून राहिला.

चिखलबोडी हे तुमसर तालुक्यातलं दीडशे घरांचं गाव. गावाच्या मागं तलाव, तलावाखाली बांध घातलेली धानाची शेतं, म्हणजे बांध्या, आणि आभाळ मोकळं असलं की उत्तरेला आंबागडच्या किल्ल्याची टेकडी दिसते. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. शाळेला पालकांची व्यवस्थापन समिती आहे. गावात तिला सगळे कमेटी म्हणतात. दर दोन वर्षांनी पालकसभा होते. त्याआधी आठ दिवस पडवीतल्या फळ्यावर इयत्तेप्रमाणे इच्छुकांची नावं लिहिली जातात आणि सभेत त्यांतून निवड होते.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे. पण चिखलबोडीनं त्याला आपली एक रीत जोडली होती. बारा वर्षांमागं एका पालकानं ऐनवेळी नाव मागे घेतलं, त्या जागेवरून दोन गट पडले आणि सभेत खुर्च्या उडाल्या. तेव्हा जुन्या लोकांनी तोडगा काढला, "रोवण्याची रीत लावा!" धान रोवायच्या दिवसांत बायांची टोळी ठरलेली असते. एखादीला ताप आला, घरी पाहुणे आले, तर ती आपल्या जागी दुसरी बाई पाठवते. तिला म्हणतात बदलीचा माणूस. टोळी मोडत नाही आणि भांडणही होत नाही. तीच रीत शाळेला लागली. ज्यानं नाव मागे घेतलं, त्यानंच बदलीचा माणूस द्यायचा. मधेच कुणी गेलं, तर त्याच्या घरच्यानं बसायचं. विचारायचं कुणाला नाही.

भांडणं खरंच थांबली. पण हळूहळू एक गोष्ट भय्याजीच्या ध्यानात आली. या रीतीत निवडून यायची गरजच नाही. निवडून येणाऱ्याला फक्त मागे सरायला लावायचं. मागे सरणारा नाव देतो, आणि ते कुणाचं द्यायचं हे भय्याजी सांगतो.

भय्याजी तसा वाईट माणूस नव्हता. गावातला एकमेव ट्रॅक्टर त्याचा, मळणीचं यंत्र त्याचं, जीप त्याची. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिली जीप त्याचीच निघायची. कलाबाईला भंडाऱ्याला नेलं तेही त्याच्याच जीपनं, आणि परत आणलं तेही. तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो देवाजीकडे आला होता. जवळ बसला, पाठीवर हात ठेवला. मग काखेतलं, गुरुजींकडून आणलेलं कमेटीचं रजिस्टर काढलं.

"कलाबाई कमेटीत होती ना देवाजी. आता रीतीनं तूच तिच्या बदलीत. इथं येक सही कर."

देवाजीनं केली. त्या दिवशी त्याला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तरी त्यानं मारली असती.

टीना गेल्यावर अर्ध्या तासानं देवाजी शाळेत पोचला. मुख्याध्यापक श्यामराव गुरुजी त्याला पाहून उठून उभे राहिले.

"गुरुजी, रजिस्टर दाखवा."

गुरुजींनी कपाट उघडलं. मार्चचं पान. 'उन्हाळी धान विकले जाईपर्यंत खोली क्रमांक तीन भय्याजी यांना वापरण्यास देण्यात येत आहे.' खाली सह्या. चौथी सही देवाजीची.

"मले कोणी वाचून नाई दाखवलं," तो म्हणाला. म्हणताना त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. तो दहावीपर्यंत शिकला होता. वाचून दाखवायची त्याला काय गरज?

"एक पान मागे पाहा," गुरुजी हळूच म्हणाले.

मागचं पान डिसेंबरचं होतं. तसाच ठराव, तीच खोली. पण खाली सह्यांऐवजी गोल गोल अक्षरांत एकच ओळ होती. 'मला मान्य नाही. पोरं कुठे बसतील? कलाबाई देवाजी.'

देवाजीनं ती ओळ बोटानं वाचली, पहिलीतलं पोर वाचतं तशी. घरी येऊन तिनं याबद्दल काही सांगितलं होतं का? सांगितलं असेल. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती कमेटीचं काहीबाही बोलायची आणि तो हूं हूं करायचा. तिनं अडवलेली गोष्ट त्यानं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सोडून दिली होती. तिच्याच जागेवर बसून!

"तुमी तरी मले सांगाचं, गुरुजी."

"सांगायला पाहिजे होतं," गुरुजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी भ्यालो."

बाहेर फळ्यावर नव्या कमेटीसाठी नावं लिहिलेली होती. तिसरीसमोर एकच नाव होतं, दामिनी कैलाश. तिचंही पोर टीनाच्याच वर्गात होतं. दामिनी गावात सगळ्यांना सांगून उभी राहिली होती की निवडून आले तर आधी खोली रिकामी करीन. सभा गुरुवारी होती. देवाजीला थोडं बरं वाटलं. दामिनी आहे, ती करेल.

मंगळवारी दुपारी दामिनी स्वतःच त्याच्या दारात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"देवाजीभाऊ, मी नाव पुसलं."

"काहून?"

"भय्याजीनं आमच्या घरच्याईले गाठलं. म्हणे, कैलाश, तुह्या बायकोले लय बोलाले लागते. दिवाळीत तुह्या धानाची मळणी कोण करते ते पाहू." तिनं नाक पुसलं. "आमचे हे वरठीले कामावर जातात, सकाळी सहाले गाडी काढतात. धान हातानं चुरत बसतील काय? सासू म्हणे, मागे घे. घेतलं."

"मग बदलीचा कोण?"

दामिनी खाली पाहू लागली. "तुमचं नाव देलं. भय्याजीनंच सांगतलं, देवाजीचं दे म्हणून. माफ करा भाऊ, कलाबाई असती तं मी तिले तोंड नसतं दाखवलं."

संध्याकाळी पानठेल्यावर भय्याजी भेटला. त्यानं देवाजीच्या खांद्यावर हात टाकला.

"काय गा देवाजी, अभिनंदन! कलाबाईची जागा पुन्हा तुह्याकडंच आली. आता तू आपला हक्काचा मेंबर!"

पानवाला हसला. भय्याजी हसला. 'आपला हक्काचा' हे शब्द देवाजीला खड्यासारखे लागले. म्हणजे गावात त्याची ओळख हीच उरली होती. सही करणारा माणूस!

पण रस्त्यानं जाताना त्याच्या मनात दुसराच विचार आला. का नको? जागा आयती मिळते आहे. गुपचूप आत बसावं, आणि पहिल्याच बैठकीत म्हणावं, खोली रिकामी करा! भय्याजी पाहतच राहील. कलाबाईचं काम आपल्या हातून पुरं होईल. यात वाईट काय आहे?

हा विचार त्याला इतका आवडला की बुधवारी सकाळी तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. सांगायला माणूस एकच होतं, चंद्रभागाबाई.

चंद्रभागाबाई साठीच्या पुढची. तीस वर्षं ती रोवण्याची टोळी चालवत होती. कोणती बाई कोणत्या बांधीत, किती वाजता, कुणाच्या जागी कोण, सगळं तिच्या डोक्यात. तिला अक्षर येत नव्हतं, पण टोळीतल्या बायांचा हिशेब कधी चुकला नव्हता. तिचा मुलगा आणि सून नागपूरला बांधकामावर होते. नात तृप्ती तिच्याजवळ राहून टीनाच्याच वर्गात शिकत होती. त्या सकाळी ती देवाजीच्याच बांधीत मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लावत होती. देवाजी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, बसला आणि त्यानं सगळं सांगितलं.

चंद्रभागाबाईनं कंबर सरळ केली. "झालं सांगून?"

"हो मावशी."

"मार्चात तू बदलीचा बसलाच होता ना? तवा काय केलं?"

देवाजी म्हणाला, "तवा मी भानावर नव्हतो."

"बरं. आता भानावर हायेस. मग मले सांग, ही बदलीची रीत कोणाची?"

"तुमची. रोवण्याची."

"माही! अन् मीच तुले सांगते, ते माह्या बांधीत चांगली हाये, शाळेत नाई." ती धुऱ्याजवळ आली, हातात रोपांची मूठ तशीच. "रोवण्यात मले काय पाहिजे? हात. येकीचे हात नाई आले, दुसरीचे आले, धानाले काय फरक पडते? पण कमेटीत लोकं हात मागतात काय? लोकं म्हणतात, ही बाई आपल्यासाठी बोलल. तो भरवसा असते, बापा. तो त्यायनं दामिनीवर ठेवला होता. दामिनी तो भरवसा पिशवीत घालून तुह्या घरी पाठवू शकते काय?"

"पण मी चांगलंच काम करीन ना मावशी!"

"करशील. मी कुठं नाई म्हणते? अन् दोन वर्षांनं भय्याजी दुसरा कोणी बदलीचा बसवल, मग तू काय म्हणशील? माह्या वेळी रीत चांगली होती, आता खराब झाली?"

देवाजीनं पायाशी पडलेलं एक रोप उचलून तिच्या हातात दिलं.

"अन् आणखी येक. तुले ही जागा देली कोणी? भय्याजीनं. आज तू म्हणतं खोली काढतो. पण ज्याच्या हातचं घेतलं त्याच्याकडं पाहून माणसाची जीभ जड होते. तुही तं आधीच जड हाये. त्याची जीप तुह्या डोळ्यासमोर उभी राहते."

हे मात्र खरं होतं. ती जीप देवाजीला रोज दिसायची. मागच्या सीटवर कलाबाईचं डोकं त्याच्या मांडीवर, आणि भय्याजी पुढून सांगतो आहे, "घाबरू नको, पोचतोच आपण."

"मग जागा रिकामी ठेवाची काय?" त्यानं विचारलं.

"रिकामी काहून?" चंद्रभागाबाई पुन्हा चिखलात उतरली. "ज्यायची जागा हाये त्यायले इचार. ज्यायचे पोरं पडवीत भिजतात, त्यायले. येकदा इचारलं होतं, आता पुन्हा इचार. तोंड दुखते काय लोकाईचं?"

गुरुवारी अकरा वाजता पालकसभा भरली. कुठे? पडवीतच. खोलीत चुंगड्या होत्या. चाळीसेक पालक सतरंजीवर दाटीवाटीनं बसले होते. भय्याजी खुर्चीवर, आणि शेजारी त्याचा पुतण्या मनिष, ज्याचा मुलगा तिसरीत होता. आभाळ भरून आलं होतं. कडेला बसलेल्या बाया आधीच पदर सावरून आत सरकत होत्या. तिसरीची पोरं आज पहिलीच्या खोलीत कोंबली होती, त्यांचा गलका मधूनमधून येत होता.

पहिली आणि दुसरीची नावं झाली. गुरुजींनी कागद वर धरला. "इयत्ता तिसरी. दामिनीबाईंनी नाव मागे घेतलं आहे. त्यांच्या बदलीत देवाजी."

"वाजवा टाळ्या!" भय्याजी म्हणाला. टाळ्या वाजल्या. देवाजी उभा राहिला. उभ्या आयुष्यात तो कधी सभेत बोलला नव्हता.

"मी ही जागा घेत नाई," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"मार्चात मी कलाबाईच्या बदलीत बसलो. तुमी कोणी मले बसवलं नव्हतं. मी न वाचता सही केली अन् तुमच्या पोराईची खोली देऊन टाकली. माही पोरगी खोकलून राहिली. तुमच्याई पोरी खोकलून राहिल्या असतील. ते माह्या सहीनं! कलाबाईनं तिथं लिहून ठेवलं होतं, मान्य नाई म्हणून. मी दहावी शिकलेला माणूस, मागचं पान उलटून पाह्यलं नाई."

मग भय्याजी हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता, "देवाजी, तुह्या बायकोले मी नेलं होतं गा दवाखान्यात. रातभर बाहेर बसलो होतो. ते विसरला?"

देवाजीला वाटलं, आता आपण खाली बसणार. पाठीमागून चंद्रभागाबाईचं खोकणं ऐकू आलं. तो बसला नाही.

"नाई विसरलो भय्याजी. मरेपर्यंत नाई विसरणार. त्याच्यासाठी माह्या घरचं काहीही मागा. माही गाय न्या, चार दिवस तुमच्या शेतात राबतो. पण टीनाच्या वर्गाची खोली माह्या घरची नाई! ते मी तुम्हाले देऊच शकत नव्हतो!"

"बरोबर हाये!" मागून कुणीतरी बाई म्हणाली. मग दुसरी. मग एकदम आठ-दहा जणी.

"मग बदलीचा कोण?" मनिषनं चिडून विचारलं. "रीत हाये ना गावाची?"

"रीत माही हाये," चंद्रभागाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "अन् मी ते वापस घेऊन राहिली. शाळेत उसनी देली होती, आता रोवण्यातच राहू द्या."

लोक हसले. त्या हसण्यानं सभा मोकळी झाली. गुरुजी उभे राहिले. त्यांच्या हातात एक परिपत्रक होतं. "शासनाचा नियमही हाच सांगतो. पालकांचा सदस्य पालकांनीच निवडायचा. जागा रिकामी झाली तरी तेच. मी हे बारा वर्षांत कधी वाचून दाखवलं नाही. आज वाचतो." आणि त्यांनी वाचलं. "तिसरीच्या जागेसाठी नावं सांगा. कुणीही सांगा."

"मनिष," भय्याजी म्हणाला.

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग दामिनी उठली. पदर आज कपाळावर नव्हता. "मी नाव पुसलं, ते माही चूक. पण आता मी नाव देते, बदलीचं नाई, माह्या मनाचं. चंद्रभागाबाई!"

"येडी झाली काय वो!" चंद्रभागाबाई ओरडली. "मले अक्षर येत नाई! रजिस्टरात काय लिहिलं ते मले काय समजणार?"

"मले समजत होतं ना मावशी," देवाजी म्हणाला. "मी काय केलं? तुमी तं वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावणारच नाई."

यावर सगळी सभा हसली. मनिषसुद्धा हसला.

आता मतदान कसं करायचं? हात वर करायचे म्हटलं तर सगळे भय्याजीकडे बघू लागले. देवाजीनं ते पाहिलं. "हात नाई," तो म्हणाला. "गुपचूप." पहिलीच्या वर्गात मोजायला शिकवण्यासाठी चिंचोक्यांचा डबा होता. गुरुजींनी आपल्या खोलीत टेबलावर झाकणाची दोन डबडी ठेवली. एकावर मनिषचा फोटो, दुसऱ्यावर चंद्रभागाबाईचा, दामिनीनं मोबाईलवर काढून गुरुजींच्या मशीनवर छापलेला. तिसरीच्या पोरांच्या घरच्या मोठ्या माणसांपैकी एकेकानं एकटं आत जायचं, एक चिंचोका टाकायचा आणि बाहेर यायचं. कुणी कुठं टाकला हे फक्त त्याला आणि चिंचोक्याला माहीत.

सगळ्यात आधी दामिनी गेली. तिच्यामागं तिची सासू गेली, आणि बाहेर येताना सुनेकडे न पाहता पटकन खाली बसली.

मोजणी झाली. मनिषच्या डब्यात पाच, चंद्रभागाबाईच्या डब्यात नऊ. एक चिंचोका टेबलाखाली सापडला. तो कुणाचा यावर जरा वाद झाला. शेवटी चंद्रभागाबाईच म्हणाली, "तो मनिषले द्या बापा, पोरगा नाराज होईल." मनिषनं कपाळाला हात लावला.

टाळ्या यावेळी कुणी सांगितल्या नाहीत. आपोआप वाजल्या.

चौथीचं नाव ठरल्यावर नव्या कमेटीनं तिथंच पहिला ठराव घेतला, खोली आठ दिवसांत रिकामी करावी. आणि दुसरा, यापुढं कुणी नाव मागे घेतलं तर फळ्यावर तशी नोंद करावी, पुन्हा नावं मागवावीत आणि पालकांनीच निवड करावी. चंद्रभागाबाईनं दोन्ही ठराव मोठ्यानं वाचून घेतले, एकदा गुरुजींकडून आणि एकदा दामिनीकडून. "दोघाईनं येकच वाचलं," ती म्हणाली, आणि मगच तिनं अंगठा शाईत बुडवला.

भय्याजी अजून खुर्चीतच बसला होता. पाऊस सुरू झाला होता आणि वाऱ्यानं शिंतोडे पडवीत येत होते. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं तेव्हा त्यानं खाली पाहिलं. मग सतरंजीकडे पाहिलं. कडेकडेनं ती पार ओली झाली होती, रोज पोरं बसतात तिथपर्यंत. तो बराच वेळ तिकडेच पाहत राहिला.

"इतलं पाणी येते इथं?" त्यानं गुरुजींना विचारलं.

"रोज," गुरुजी म्हणाले.

भय्याजी उठला. जाताना देवाजीजवळ थांबला. देवाजीला वाटलं, आता काहीतरी तोडून बोलेल. पण तो एवढंच म्हणाला, "उद्या ट्रॅक्टर रिकामा हाये. चुंगड्या भरू लागाले चार माणसं घेऊन ये."

आठ दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. शेवटची चुंगडी देवाजीनं आणि भय्याजीनं मिळून उचलली. दिवाळीनंतर कैलाशच्या धानाची मळणी भय्याजीच्याच यंत्रानं झाली, तीही वेळेवर. दामिनीनं त्याला चहा पाजला. गावात कुणी कुणाचा वैरी झाला नाही. ज्या भांडणाच्या भीतीनं बारा वर्षं रीत पाळली, ते भांडण झालंच नाही!

वाचकहो, आपल्याही गावात, वस्तीत, सोसायटीत अशा जागा रिकाम्या होत असतात. कुणी भीतीनं मागे सरतं, कुणी आजारानं, कुणी जगातूनच जातं. तेव्हा 'याच्या जागी त्याला बसवा' म्हणणारा आवाज सगळ्यात आधी उठतो, आणि आपण सगळे तो मान्य करून घरी जातो, कारण ते सोपं असतं. त्या सोपेपणाची किंमत आपली पोरं ओल्या पडवीत बसून देतात. मागे सरणाऱ्याला त्याचं नाव मागे घ्यायचा हक्क आहे. लोकांचा भरवसा दुसऱ्याला देऊन टाकायचा हक्क त्याला नाही, कुणालाच नाही. रिकामी जागा लोकांची असते. ती भरताना लोकांना विचारा. आणि तुम्हाला कुणी आयती जागा दिली, तर बसण्याआधी मागचं पान उलटून पाहा.

त्या सभेनंतरच्या सोमवारी सकाळी देवाजीनं टीनाच्या वेण्या घातल्या. डावी थोडी ढिलीच झाली.

"बाबा, आता आमच्या वर्गात धान नाई बसत," टीना म्हणाली. "पण वास येते अजून. मले आवडते तो. मी खिडकीपाशी बसली."

"खोकला?"

"कमी हाये." तिनं आरशात पाहिलं, वेणी चाचपली, आणि दप्तर पाठीला लावलं. "राहू द्या. चालते."